ओठांपर्यंत

रात्रीचे साडेअकरा, आणि उजेड हटायला तयार नाही.
फॅरो बेटांवर जूनमध्ये अंधार पडतच नाही,
काही लपवायचं तर आडोसा लागतो.
आमचा आडोसा म्हणजे मटण वाळवायची खोपी,
फळ्याफळ्यांतून वारा आरपार,
वर गेल्या हिवाळ्यातली एकच तंगडी उरलेली.
खाली तेइतुर, मी,
आणि आमच्याहून वर्षभराने लहान हानुस.

बाटली तेइतुरच्या बापाच्या कपाटातली.
बाप ग्रीनलंडच्या पाण्यात, तीन महिन्यांसाठी.
तेइतुर आधी प्यायला.
मग बाहीने तोंड पुसलं, बराच वेळ,
"काही नाही गं," म्हणाला, "कोमट समुद्र नुसता."

मग मी.
काच दातांवर आपटली. ओठ घट्ट मिटले,
बाटली उलटी धरून तीन आकडे मोजले
आणि गिळली ती माझीच थुंकी.
वर खोकलेसुद्धा. खोकला झकास जमला.
तेइतुर म्हणाला, वा!
त्या एका "वा"ची ऊब
इतक्या वर्षांनी आठवते. लाज वाटते,
पण आठवते.

हानुसने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
घे की, असंही कुणी म्हणालं नाही.
हे मी नंतर पोलिसांना सांगितलं,
आईला, पाद्रीबाबांना, न विचारता शेजारणीलाही:
पी म्हणून कुणीही म्हणालं नाही त्याला.
खरंच होतं ते.

तो प्यायला. दुसऱ्या फेरीला प्यायला, तिसऱ्या.
आम्हाला काहीच चढत नाही हे बघून
त्याला वाटलं असेल, कच्चा आपणच.

धक्क्यावरची पैज मग त्यानेच लावली.
दोरखंडाच्या खुंटांवरून उड्या.
पहिला. दुसरा.
तिसरा ओला होता.
खाली पाणी असायला हवं होतं,
खाली कुणाची तरी होडी होती.

बावीस वर्षांनी, मासळीच्या कारखान्यात,
जेवणाच्या सुट्टीत तेइतुर कपात बघत म्हणाला,
"मी त्या रात्री प्यायलोच नव्हतो.
तोंडात धरायचो, बाहीत सोडायचो.
लोकर सगळं पिते.
तू मात्र काय घटाघट! तुझ्यापुढे हसं नको, म्हणून..."
घंटा झाली.
मी सॅमनचे काटे काढत राहिले,
एकेक, चिमट्याने,
संध्याकाळपर्यंत.

हानुस आता टपाल वाटतो.
खडीवरून येतो, एक पाऊल, एक घसट,
दार वाजायच्या आधीच कळतं.
काल पार्सल होतं. सही हवी होती.
पेन उमटेना.
"थंडीने गोठलंय, फुंकर मार जरा," म्हणाला.

मी पेन ओठांपर्यंत नेलं.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता.