तीन थाऊ

सॅगिनॉ, मिशिगन. मंगळवार, साडेसहा.
शिकवणीची ही खोली पूर्वी मॉलमधलं बुटांचं दुकान होती;
पांढऱ्या रंगाखालून अजून दिसतात
भिंतीवरचे आकडे : आठ, साडेआठ, नऊ.
आता राज्याच्या खर्चानं आलेला फळा,
चोवीस संगणक आणि एक पोस्टर :
ज्ञान हाच उद्याचा कारखाना.
पोस्टरवरची मुलगी हसते आहे.
तिच्या हातात काहीच नाही.

मी दशांश शिकवते.
समोर अकरा जण, सगळे पन्नाशी उलटलेले.
ओतशाळा बंद झाली तेव्हा त्यांना मिळालं
सहा महिन्यांचं वेतन, निरोपाचा केक,
आणि मी.
बसतात पाहुण्यांसारखे, कोट न काढता.

मागच्या रांगेत वेंडेल प्रुस्की.
एकतीस वर्षं पॅटर्नमेकर :
इंजिन आधी लाकडात कोरायचं,
लोखंड थंड होताना किती आक्रसेल
तेवढं आधीच वाढवून.
नव्या नोकरीच्या फॉर्मवर
'पूर्वीची कौशल्यं' या चौकोनात
त्यानं लिहिलंय : नाहीत.
सरळ, सुबक, ड्रॉइंगवर लिहितात तशा अक्षरांत.

फळ्यावर मी दोन आकडे लिहिते,
०.०३ आणि ०.००३.
मोठा कोणता?
कुणी बोलत नाही. हीटर खोकतो.

(बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण.
मिरजेला, रविवारी, वडील पावकी म्हणून घ्यायचे
पायावर पाय टाकून, डोळे मिटून.
चुकले तर डोळे उघडायचे, एवढंच.
पण लेथवरच्या त्यांच्या मायक्रोमीटरला
हात लावू दिला नाही कधी.
शीक, म्हणायचे. हात काळे होतील असलं काही नको.
शिकले.
व्हिसाच्या खिडकीत माझे ठसे
पहिल्या झटक्यात उमटले.
त्यांना आधार कार्डासाठी चारदा जावं लागलं;
यंत्र म्हणे, बोटं ठेवा.
ते म्हणाले, ठेवलीच आहेत.)

सुट्टीत वेंडेल पुढे आला.
डब्याच्या झाकणाखालून काढलं
मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.
एक केस द्याल का, म्हणाला,
आणि ओशाळून : गणितासाठी.
मी दिला. पांढरा निघाला.
त्यानं तो जबड्यात धरला,
माझा अंगठा खुंटीवर टेकवला.
हलके. आवळायचं नाही. कट् कट् वाजलं की थांबायचं.
वाजलं.
तीन थाऊ, तो म्हणाला. इंचाचे हजार भाग, त्यातले तीन.
मग फळ्याकडे बघितलं,
माझ्या शून्यांकडे,
जसं कुणी अनोळखी गावात
आपल्याच आडनावाची पाटी बघतं.
अच्छा, हे ते होय.

त्या आकड्याच्या दहापट जाड, म्हणाला, तो दुसरा.
आमच्याकडे एवढा फरक पडला तर
अख्खा ब्लॉक भंगारात.

मागच्या रांगेतले दोघे हसले.
एकानं कोट काढला.

जुन्या ओतशाळेच्या आवारात डेटा सेंटर येतंय.
खिडक्या नाहीत. जागा सतरा.
चाचणीत वेंडेलला एकसष्ट, लागतात पासष्ट.
म्हटलं, तो चौकोन परत भर, मी सांगते काय लिहायचं.
त्यानं पासवर्ड टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली :
एकदा सादर केलेली माहिती बदलता येत नाही.
हसला. लाकूड तरी, म्हणाला,
घासून घेता यायचं.

घरी येऊन फोन लावला. तिकडे सकाळ होती,
मागे कुकरची शिट्टी.
बाबा, तुमचा मायक्रोमीटर आहे का अजून?
असेल कुठेतरी, म्हणाले. का गं?
मला पटकन सांगता आलं नाही.
जरा वेळानं तेच म्हणाले :
कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, डावीकडे.
तेल लावलेला आहे.