कोड

पहाटे तीनला सगुण तांडेल
निवतीच्या पुळणीवर उभा राहून फोन उघडायचा.
वारा किती, भरती कधी, लाट किती फूट.
खात्याचं ते पान, पांढरंफटक,
कुणी तोंडावर बॅटरी मारावी तसं.
‘गे, ह्यां बघलां काय डोळे दिपतत,
मगे धा मिन्टां दर्यो दिसणा नाय.’

दहा मिनिटं म्हणजे
पुळणीपासून पहिल्या खडकापर्यंत.

म्हणून मी त्याच्या फोनपुरतं ते पान काळं केलं.
कुट्ट काळं नव्हे, त्यावर अक्षरं थरथरतात.
चार रात्री रंगच शोधत होते.
तवा नको. होडीचं डांबर नको.
सापडला तो कालवाच्या शिंपीमागचा, निळसर,
ज्याला आमच्याकडे नाव नाही
आणि संगणकात सहा अक्षरांचं आहे.
वर मजकुराला पेजेचा पांढरा.
तांडेल म्हणाला, ‘आता कसां घरातलां वाटतां.’
पावसाळा संपेतो एकोणतीस होड्यांवर गेलं.

पण खात्यात कुणीतरी बसलेला असतो
ज्याला दर पंधरवड्याला बारशाची हौस.
कालचा ‘डबा’ आज ‘चौकट’,
परवाची ‘पट्टी’ आज ‘पट्टी-नवी-दोन’.
नाव बदललं की माझा रंग त्याला ओळखत नाही,
आणि काळ्या पानावर उठतो पांढरा चट्टा.

सत्यभामा आत्याने जाळं सांधता सांधता बघितलं,
आपला हात फोनशेजारी धरला,
मनगटापासून बोटांपर्यंत उतरलेला पांढरा नकाशा.
‘तुझ्या पानाक पण कोड फुटलां गो?’
आत्ये, म्हटलं, आमच्या धंद्यात सगळ्यालाच कोड म्हणतात.
सुई दातात धरून ती खूप वेळ हसत राहिली.

हाताने किती चट्टे झाकणार?
एका दुपारी मी यंत्राला लिहून दिलं:
सव्वादोनला ऊठ. पान आण.
कालच्या पानाशेजारी ठेव.
नवं दिसेल त्याचा उजेड मोज.
जास्त असेल तर काळं कर,
सगळ्यांना पाठव.
कुणालाही उठवू नकोस.

ही शेवटची ओळ लिहिताना
मला केवढं बरं वाटलं होतं.

सात महिने मी सलग झोपले.

मग एका रात्री खात्याने वरती एक पट्टी लावली.
फिकट पिवळी, तिच्यावर लाल अक्षरं:
नऊनंतर वारा वाढेल, समुद्रात जाऊ नये.
यंत्राने उजेड मोजला. जास्त भरला.
सांगितलं होतं ते केलं.
काळ्यावर लाल,
म्हणजे अंधाऱ्या माळ्यावर वाळत घातलेलं कोकम.

अकरा होड्या गेल्या.
दहा दुपारपर्यंत आल्या.
सगुणची रात्री आली, दुसरीच्या दोराला बांधून,
आठ जाळी दर्याला देऊन.

तो ओरडला नाही. फोन पुढे केला फक्त.
मी माझा काळा काढला. खाली पिवळी पट्टी
तशीच होती.
‘होतां तर,’ म्हणाला,
आणि पाय धुवायला विहिरीवर गेला.

आत्या त्या रात्री आपणहून बोलली.
‘ल्हान असताना माका बावचीचो लेप लायत होते.
काळो. चट्टो काय दिसा नाय.
खालचो फोडय दिसलो नाय,
पिकून फुटासर.’
एवढंच. पुन्हा जाळ्यात डोकं.

मी यंत्र मोडलं नाही. शेवटची ओळ खोडली.
तिथे लिहिलं: नवं काही दिसलं
तर हात लावू नकोस. मला उठव.

आता आठवड्यातून एखादी रात्र
सव्वादोनला उशीखाली फोन थरथरतो.
मी डोळे किलकिले करून वाचते, हाताने रंगवते,
कधी कधी मुद्दाम रंगवत नाही.
परवाही उठवलं. काही नव्हतं.
खात्यात कुणीतरी ‘चौकट’चं
पुन्हा ‘डबा’ केलं होतं.
झोप गेलीच होती,
तर खाली होड्या ढकलणाऱ्यांचे आवाज मोजत बसले,
सगुणचं इंजिन तिसऱ्या हिसक्याला लागेपर्यंत.