तिसरी भेग

लुकाचुकाईच्या अलीकडे, मेंढवाड्यामागे
मामाच्या पिकअपमधून उतरवला दगड.
अलाबास्टर. फिका गुलाबी,
मटणाच्या ताज्या चरबीसारखा.

मी छिन्नी उचलली तर मामा म्हणाला, ठेव.
आधी पाणी ओत.
ओल्या दगडावर भेगा उमटल्या केसाएवढ्या,
दोन.
तिसरी मामाला दिसली. मला नाही.

मग हातोडीनं हलकेच टकटक, कान लावून.
बद्द वाजला तर सोडून दे, म्हणाला,
खणखणीत वाजला तरी हुरळू नको.

दुकानात खपतात त्या ब्लँकेट पांघरलेल्या बायका,
बिनचेहऱ्याच्या, वाऱ्याकडे पाठ केलेल्या.
मलाही तीच करायची होती.
गिऱ्हाईक ठरलेलं. पैशांचे टायरही ठरलेले.
तीन दिवस नुसती कानस.
पापण्या पांढऱ्या, मास्कच्या आतही दगडाची चव.
डेल्फीन म्हणाली, म्हातारा झालास की रे!

चौथ्या दिवशी बाईचा खांदा निखळला.
तिसरी भेग. दुसरं काय.

मामा रागावला नाही, समजावलंही नाही.
ओठ पुढे काढून खाली पडलेला तुकडा दाखवला
(आमच्यात बोट दाखवत नाहीत)
आणि मेंढ्यांना पाणी दाखवायला निघून गेला.

तळहाताएवढा तुकडा.
उन्हासमोर धरला तर कडेतून उजेड झिरपला,
दुपारी मेंढीच्या कानातून झिरपतो तसा,
शिरांसकट.

छिन्नीकडे हात गेला होता.
तो मागे घेतला,
बादली ओढली,
पाणी ओतलं.