रंगखोलीतला दगड

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुकान बंद करायच्या बेतात असताना
व्हर्लीन पेटवे आली.
बुटांना बर्फ, हातात नवऱ्याचा पत्र्याचा जेवणाचा डबा.
डब्यात एक ढेकूळ, मुठीएवढं, मळकट,
वाटेत दिसलं तर पायानं उडवावं असं.
"ओडेलनं आणलेलं, चौऱ्याहत्तर साली.
झेनॉन, नातीसाठी याचं कानातलं होईल?"

हॅमट्रॅमकमध्ये मी तीस वर्षं दगड कापतोय.
अकीक, गारगोटी, मिशिगन तळ्याकाठचे प्रवाळाचे खडे.
हा मात्र कुठल्या डोंगराच्या पोटचा नाही.
हा रंगखोलीत वाढला.
गाडीच्या अंगावर फवारा मारताना जो रंग चुकायचा
तो रुळांवर बसायचा, कड्यांवर बसायचा,
गाडीसोबतच भट्टीत शिरायचा, भाजून निघायचा,
आणि त्यावर पुढच्या गाडीचा चुकलेला रंग.
मिनिटाला एक गाडी.
साखळी अडकायला लागली की माणसं छिन्नी घेऊन
खरवडून काढायची, कचऱ्यात लोटायची.
हा तुकडा कोपऱ्यातला,
तिथवर वर्षानुवर्षं कुणाची छिन्नी पोचली नसावी.

पातं फिरलं. पाण्याची धार सोडली.
आणि ढेकळाचे दोन भाग झाले तेव्हा
व्हर्लीननं चष्मा शोधायला पर्स उपसली.

तळाशी काळा.
त्यावर पिस्ता, गुलाबी, पुन्हा पिस्ता:
गाड्यांना पंख फुटले होते तेव्हा,
आणि पेट्रोल पाण्याच्या भावात होतं.
मग लाल, लाल, चेरीसारखा लाल,
कोपऱ्यावरून पाव आणायलाही तीनशे घोडे जुंपायचे ते दिवस.
मग एकाएकी मोहरी, चॉकलेटी, वाळल्या पानाचा रंग.
पंपांवर रांगा लागल्या होत्या,
रंगसुद्धा उसनवारीनं आणल्यासारखे.

तिनं निळ्या-पांढऱ्याच्या मधल्या रेघेवर नख ठेवलं.
"इथे संप. नऊ आठवडे.
बटाटे उकडून, बटाटे तळून, बटाटे नुसतेच."
आणि वर, दोन लालांच्या मध्ये:
"इथे त्याला घरी बसवलं. अकरा महिने.
लोरेटा तेव्हाच झाली."
मी भिंग लावलं.
लालाला लाल चिकटलेला, सुईसुद्धा शिरणार नाही.
बंद पडलेल्या कारखान्याचा थर नसतो.
मी तसं तिला म्हटलं नाही.
तिला दिसत होतं.

ओडेल अलाबामातून आला तो एकोणीस वर्षांचा,
कापसाच्या शेतातून थेट फवाऱ्याच्या नळीपाशी.
तोंडाला रुमाल बांधायचा, बस.
"रात्री शिंकला की रुमालात कळायचं,
पुढच्या महिन्यात रस्त्यावर कुठल्या रंगाच्या गाड्या दिसणार ते.
आम्ही हसायचो," ती म्हणाली.
छातीचा फोटो काढला तेव्हा
डॉक्टरनं तो उजेडासमोर धरला, बराच वेळ धरला.
फोटो काळा-पांढराच असतो.

पुढे रंगखोलीत यंत्राचे हात आले.
त्यांचा नेम चुकत नाही.
रंग विजेच्या ओढीनं पत्र्यावर जाऊन बसतो, इकडेतिकडे सांडत नाही,
म्हणून हा दगड आता वाढत नाही.
आहेत तेवढेच तुकडे, कुणाच्या गॅरेजात, कुणाच्या डब्यात.
भाव चढलाय त्यांचा. तिला सांगितला. तिनं मान हलवली.

मी मास्क चढवला, दोन थेंब कापले, घासायला घेतले.
भुकटी टबात उतरत गेली, 
पिस्ता, गुलाबी, चेरी, मोहरी,
आणि खाली बसली तेव्हा नुसती राखाडी.
"एवढ्याची मागची बाजू राहू दे," ती म्हणाली.
तिथे छिन्नीचा घाव होता, तिरका.
डावखुऱ्या माणसाचा असावा.
मी विचारलं नाही.

पैसे तिनं मोजून दिले, डबा परत मागून घेतला.
बाहेर तिची गाडी चालू होईना. तिसऱ्या खेपेला झाली.
जपानी होती, ओहायोत जुळवलेली, पांढरी.
त्यावर दोघंही काही बोललो नाही.