बारा कार्बन

किबुये बाजारातून पहाटे येते गाडी:
फुटके आंबे, माशांची आतडी,
शिळ्या उगालीचे गोळे, कोबीची बाहेरची पानं
आणि एकदा एक चप्पल, डाव्या पायाची.
चप्पल सोडून सगळं खाल्लं त्यांनी.

बारा दिवस लागतात.
बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणे;
किसुमूत एवढा धीर कुणाला आहे?

अपोंडी ट्रेमध्ये हात घालते कोपरापर्यंत,
नाक न मुरडता.
"ऐक," म्हणते.
मी वही काखेत धरून वाकते:
हजारो तोंडांचा मिळून एकच आवाज,
मंद आचेवर कुणी तीळ भाजत असावं तसा.

मग उकळतं पाणी, मग भट्टी,
मग झब्लोनचा प्रेस,
उसाच्या मोडक्या चरकातून त्याने उभा केलेला.
त्याच्या फटीतून उतरते चरबी,
तपकिरी, गढूळ,
वासाला शेंगदाण्यासारखी, आणि वासाच्या तळाशी
ओल्या मातीसारखी.

रात्रभर ती पाण्यात ढवळायची, एन्झाइम घालून.
ग्लिसरॉलने एका मुठीत धरलेल्या तीन साखळ्या
एकेक करून सुटतात.
कुठली आखूड, कुठली लांब,
सगळ्या एकाच भांड्यात, अजून अनोळखी.
आपल्याला हवी बारा कार्बनची.

हवा ओढून घेतलेल्या काचेत
पंगतीतून आधी पोरं उठावीत
तशा हलक्या साखळ्या आधी उठतात,
जड मागाहून, सावकाश, गुडघ्यावर हात टेकत.
मी लिहीत होते:
सहा दहा, एकशे अठ्ठावन्न.
सहा वीस, एकशे बासष्ट.
सहा बावीसला वीज गेली.

पंपाचा आवाज थांबला की कळतं
आपण किती वेळ ओरडून बोलत होतो.

चव्वेचाळीस अंशांखाली हे आम्ल थिजतं.
नळीत पांढरं काहीतरी दाटू लागलं,
कडेने, मग मधोमध.
अपोंडी एक शिवी हासडते लुओत, मग तीच स्वाहिलीत.
झब्लोन काही बोलत नाही.
चहाच्या किटलीतलं पाणी गोणपाटावर ओततो
आणि नळीला गुंडाळतो,
छाती भरलेल्या पोराला शेक द्यावा
तसा, तळवा दाबून.
तीनदा गोणपाट गार झालं.
चौथ्यांदा
एक थेंब पडला.

दिवे आले सात वाजून पाचला. पुढचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पहाटे तळाशी उरली काळी बेरी,
लोणी कढवल्यावर उरते तशी;
पण साखर घालून मागायला
कुणी पोर येणार नाही हिच्यासाठी.
आणि बशीत खवले,
पांढरे, कोरडे, कशाचाच वास नसलेले.
किती शुद्ध, ते नैरोबीहून कागद येईल तेव्हा.
झब्लोन चिमटीत धरून बघतो.
त्याच्या बोटांच्या उबेने कडा
किंचित ओली होते.

"माशी झाल्यावर ही काहीच खात नाही," अपोंडी म्हणाली.
बशीकडे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही.
"उडणं, जोडीदार, अंडी,
सगळं यातूनच भागवते."

पैदाशीची जाळी वेगळी आहे, तिचा हिशेबही वेगळा.
तरी आज नव्या ट्रेमधून
तीन मुठी उचलून
ती मागच्या दाराने गेली, पपईच्या झाडाखाली,
आणि हात झटकत परत आली.

वहीत एक रकाना आहे: तूट.
मी लिहिलं: तीन मुठी.
शेजारचा रकाना: कारण.

बाजारची गाडी दारात लागली होती,
झब्लोन फाटक उघडायला हाका मारत होता.
मी वही मिटली.