अर्धी गुंज

जिनिंगच्या फाटकाजवळ माझा काटा.
ट्रॅक्टर चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
मी लिहितो :
सतरा क्विंटल चाळीस. वजा कटती.
दिवाळीपासून शिमग्यापर्यंत
रुईचं तूस हवेत असतं,
चहात पडतं, भुवयांवर बसतं,
दिसत नाही ते आत जातं.

या वर्षी घरी
माझ्याआधी माझा खोकला पोचू लागला.
कोपऱ्यावर तो ऐकूनच
बायको पाण्याचा तांब्या दारात आणून ठेवायची.
वणीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला,
डाग नाही म्हणाला,
लाल गोड सिरप दिलं.
रिकाम्या बाटल्यांत पोरीनं मनीप्लांट लावले.

नथ्थू हमाल म्हणाला, पोडावर जाऊन पाहा एकदा.
मग झरीच्या पुढं, डांबर संपतं तिथं
मोटरसायकल उभी केली
आणि चालत गेलो.

लच्छमा टेकाम सूप पाखडत होती.
वर न बघता तिनं माझा खोकला ऐकला,
तीनदा.
'रगत पडते?'
नाही.
'रात्री घाम?'
नाही.
'पडत असन तं सांग. मंग दवाखान्यात जाय,
माया दारात टाइम नको घालवू.'

उतारावर मुरमात एकच दांडा,
हातभर उंच, बुडाशी एक पान नाही,
टोकाला मातकट पांढरी फुलं, संध्याकाळची उमलणारी.
मला वाटलं, वाळलेलं काहीतरी आहे.
ती सब्बल घेऊन बसली, बाजूनं उकरू लागली,
झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं.
खाली कांदा.
लहान मुलाच्या डोक्याएवढा,
पापुद्र्यावर पापुद्रा.
'कोलकांदा. हात नको लावू, खाजवत बसशीन.'
मी लावला. दोन दिवस खाजवत बसलो.

बाहेरच्या पाकळ्या टाकल्या, आतली एक घेतली,
चिरली, चिकट पाणी सुटलं.
ती सावलीत वाळत घातली आणि
मागच्या वर्षीची वाळलेली आणली,
कुटली. मग कनवटीच्या चिंध्यातून
एक गुंज काढली. लाल, काळ्या डोळ्याची.
डाव्या तळव्यावर गुंज,
उजव्यावर चिमूट.
बराच वेळ दोन्ही हात तसेच धरून बसली.
चिमटीतलं थोडं परत टाकलं.
पुन्हा थोडं.
'गुंजेच्या अर्धं. मधात. तीन दिस. बस्स.'

मी काटेवाला माणूस. म्हणालो,
जरा जास्त द्या ना, लांबून येतो,
पैसे देतो.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.
'जास्त खाल्लं तं खोकला थांबते,
अन् खोकलनाराही.'

उरलेला कांदा तिनं त्याच खड्ड्यात ठेवला,
माती लोटली, पायानं दाबली.
'पानी पडल्यावर पान येईन त्याले.
आता उघडं पडलं तं लाजते.'
पैसे घेतले. वीस. दहा परत दिले.

घरी दिव्याखाली पुडी सोडली.
आमच्याच जिनिंगच्या काटापावतीचा कागद होता.
अक्षर माझं.
सतरा नाही, नऊ क्विंटल बारा.
कटती सहा किलो, ओलावा म्हणून.
नाव : भीमा टेकाम. पोड.
त्या दिवशी ऊन होतं की नव्हतं, आठवेना.
नेहमी आठवत नाही.

तीन रात्री मधात चाटलं.
कडू, मग जिभेला मुंग्या, मग काही नाही.
चौथ्या दिवशी काट्यावर बसलो.
खोकला होता, पण दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये
श्वास लांब येत होता.

मालक खिडकीतून ओरडला, किती लावू कटती?
आकडा थरथरत होता.
तळवा अजून खाजत होता.
मी थांबलो,
तो पूर्ण स्थिर होईपर्यंत,
मागे हॉर्न वाजेपर्यंत.