उगम

मनस्वीच्या प्रकल्पवहीत चार रकाने:
सणाचे नाव. पदार्थ. साहित्य. उगम.
पहिले तीन तिनं निळ्या पेनानं भरले.
वेळ अमावस्या, असं शुद्ध लिहिलं;
घरात आम्ही येळवस म्हणतो.
चौथा माझ्याकडं सरकवला.

वरच्या मजल्यावरचे उदगीरकर सर म्हणाले, पांडव.
वनवासात हाती लागतील त्या शेंगा शिजवल्या,
म्हणून तर कोपीत चुना फासलेले पाच दगड.
किराणावाले बसाप्पा म्हणाले, सण आमच्याकडचा,
कानडी. सीमेवरून चालत आला,
येताना डोक्यावर भज्जीचं पातेलं.
दोन्ही उत्तरं रकान्यात मावत होती.

मग आईला फोन लावला.
"उगम नदीला असतो गं," ती म्हणाली,
आणि थोडा वेळ नुसती खोकली.

"तूर बिराजदाराची. तोडायला जायचे मी,
सांजच्याला मालकीण म्हणायची, ने ओंजळभर.
वाल गफूरभाईच्या कुंपणावरचा.
हरभऱ्याचे डहाळे सोनटक्क्याच्या रानातले,
वटाणा कुणाचा ते इचारू नको.
चुका कुणाचाच नव्हता,
हिरीच्या पाटाला आपला आपण उगवायचा.
आपल्याला बांध नव्हता, लेकी,
पण पाच बांधांवरनं यायचे मी घरी.

एकाएकाची भाजी व्हावी एवढं काहीच नसायचं.
मग सगळं एकाच भगुन्यात.
खाणारी सात तोंडं,
म्हणून ताकात कालवून बेसन.
पातळ व्हायचं. उंडा बुडवला की पुरायचं."

मी म्हणलं, पण येळवस तर सगळ्यांचीच असते, आई.

"हो ना. त्या दिवशी बिराजदारानं बोलवलं कोपीवर.
बिंदगीतली आंबील दिली, घोंगडीवर बसवलं,
त्या दिवशी कुणालाबी बसवतात.
पत्रावळीवर भज्जी पडली.
खोबरं होतं, लवंग होती.
पण घास घेतला अन् वळखलं:
माझीच की ही!
फक्त त्यांची घट्ट होती."

मग?
"मग काय. बोलले नाही.
दुसऱ्यांदा वाढून घेतली."

रकाना बोटभर रुंद.
मनस्वीनं पेन चावलं, मग लिहिलं:
*पाच जणांच्या शेतातून. चुका आपोआप.*

सोमवारी वही परत आली.
पहिल्या तीन रकान्यांना बरोबरच्या खुणा,
चौथ्यापुढं लाल प्रश्नचिन्ह.
चूक असती तर फुली मारली असती, मनस्वी म्हणते,
बाईंना अजून ऐकायचं असेल.

गंजगोलाईत भज्जीचे वाटे लागलेत आज,
साठ रुपयाला एक, सगळ्यातलं मूठमूठ.
मी दोन घेतले.
बेसन जरा कमीच घालीन म्हणते,
पातळ होऊ दे.